आधी कोरं ॲप डिप्लॉय करा, मग कोड लिहा

टेम्प्लेटवरून वेब ॲप उभं करायला दोन-चार मिनिटं पुरतात. टर्मिनलवर एक आज्ञा द्यायची, तीन-चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, की लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच मशीनच्या पत्त्यावर, स्वागताचं पान हजर. पाया झाला असं समजून बरेच जण इथूनच आपला कोड लिहायला घेतात आणि डिप्लॉयचं, म्हणजे ॲप सर्व्हरवर चढवण्याचं, शेवटी बघू म्हणतात. क्रम उलटा हवा. ते स्वागताचं पानच आधी सर्व्हरवर चढवावं, खऱ्या पत्त्यावर उघडून बघावं, आणि मग स्वतःची पहिली ओळ लिहावी.

कोऱ्या टेम्प्लेटमध्ये तुमचं काहीच नसतं. त्यामुळे डिप्लॉय फसलं तर संशय घ्यायच्या जागा मोजक्याच उरतात: नोडची किंवा पायथनची आवृत्ती, बिल्डची (कोडपासून सर्व्हरवर जाणारं रूप बनवायची) आज्ञा, पोर्ट (ॲप ज्या क्रमांकावर मागण्या ऐकतं तो), एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (कोडबाहेरून दिलेली सेटिंग), फार तर एखाद्या फोल्डरचा मार्ग. तीन महिन्यांनी चाळीस लायब्रऱ्या, लॉगिन आणि डेटाबेस जोडून झाल्यावर हेच पहिल्यांदा करायला गेलात, तर त्याच चुका होतात. फक्त त्या सगळ्या एकदम होतात, आणि कुठली कुठून आली हे कळत नाही.

टेम्प्लेटमधून काय येतं

टेम्प्लेट म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेले निर्णय. फोल्डरांची मांडणी, लायब्रऱ्यांची यादी, बिल्ड कसं करायचं, सेटिंगच्या मूळ किमती काय, हे सगळं ठरलेलंच मिळतं. या मूळ किमती जवळजवळ नेहमी डेव्हलपरच्या मशीनला सोयीच्या असतात. जँगो या पायथन फ्रेमवर्कची ‘स्टार्टप्रोजेक्ट’ आज्ञा काय देते ते पाहा: डीबग (चुका पानावर सविस्तर दाखवणं) चालू, डेटाबेस एसक्यूलाइट, परवानगीच्या होस्टची, म्हणजे डोमेनची, यादी रिकामी, आणि ‘जँगो-इनसिक्युअर’ या शब्दांनी सुरू होणारी सीक्रेट की. शिकायला बसलेल्या माणसासाठी चारही निवडी उत्तम, पण प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरकर्त्यांसाठी चालवताना, त्या बदलाव्या लागतात; एसक्यूलाइट तेवढं कधीकधी चालून जातं. जँगोने निदान धोका किल्लीतच लिहून ठेवलाय. पुष्कळ टेम्प्लेटमध्ये तेवढीही सूचना नसते.

टेम्प्लेट साधारण तीन वाटांनी येतात. फ्रेमवर्कची स्वतःची आज्ञा असते: ‘रेल्स न्यू’, जँगोची वर सांगितलेली, किंवा फ्रंटएंडसाठी ‘एनपीएम क्रिएट व्हीट’. दुसरी वाट म्हणजे गिटहबवरची टेम्प्लेट रिपॉझिटरी, म्हणजे नक्कल करून घ्यायचा प्रकल्प. तिसरी कुकीकटर किंवा कॉपिअरसारख्या साधनांची. ती प्रकल्पाचं नाव, लायसन्स, डेटाबेस वगैरे विचारतात आणि उत्तरं फाईलींमध्ये जागोजागी भरून देतात.

नवशिक्याने पहिल्या वाटेने जावं, कारण तिथे आयतं सामान सर्वांत कमी असतं. लॉगिन, पेमेंट, ईमेल, ॲनालिटिक्स असं सगळं जोडून दिलेलं टेम्प्लेट मोहात पाडतं खरं, पण त्यातली प्रत्येक सोय स्वतःची किल्ली मागते. ती एन्व्हायर्नमेंटमध्ये नसेल तर ॲप सुरू होतानाच कोसळतं. मग जी पेमेंट सेवा तुम्ही कधी वापरणारही नाही, तिच्या चाचणीच्या किल्लीसाठी खातं उघडत बसावं लागतं. नको असलेला भाग उपटून काढणं हे हवा तो जोडण्यापेक्षा बहुतेकदा अवघडच.

निवडताना चार गोष्टी बघा. शेवटचा कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) कधीचा आहे, लॉक फाईल (लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) सोबत आहे का, रनटाइमची, म्हणजे नोडची किंवा पायथनची, आवृत्ती कुठे लिहिलेली आहे का, आणि लायसन्स कुठलं. जुन्या लेखांच्या भरवशावर तर मुळीच राहू नये. रिॲक्टसाठी ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ हे २०१६पासून सर्रास वापरलं जाणारं टेम्प्लेट. फेब्रुवारी २०२५मध्ये रिॲक्टच्या चमूने नव्या प्रकल्पांसाठी ते अधिकृतपणे बाद ठरवलं, तरी असंख्य जुने पाठ अजून त्याच्यापासूनच सुरुवात करायला सांगतात.

पहिला कमिट करण्याआधी

गिटहबवर ‘यूज धिस टेम्प्लेट’ बटण दाबून केलेली रिपॉझिटरी एकाच कमिटने सुरू होते, मूळ प्रकल्पाचा इतिहास तिच्यात येत नाही. फोर्क केलात तर सगळा इतिहास येतो आणि मूळ प्रकल्पाशी नातंही राहतं. तुम्हाला मूळ प्रकल्पात भर घालायची नसेल तर फोर्क चुकीचा. नुसतं क्लोन केलं असेल तर ‘ओरिजिन’ अजून मूळ लेखकाच्या रिपॉझिटरीकडे बोट दाखवत असतो आणि पहिला पुश ‘परवानगी नाही’ म्हणून परत येतो. डॉट गिट फोल्डर काढून ‘गिट इनिट’ करा, किंवा रिमोटचा पत्ता बदला.

मग गिटइग्नोर फाईल उघडा. नोड मॉड्यूल्स किंवा व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर, बिल्डचं आउटपुट, एसक्यूलाइटची फाईल आणि पासवर्ड-किल्ल्या ठेवायची डॉट एन्व्ह फाईल त्यात असायलाच हवी. एक बारकावा: गिटइग्नोर फक्त गिटने अजून हाती न घेतलेल्या फाईलींना लागू होतं. डॉट एन्व्ह एकदा कमिट झाली असेल तर नंतर तिचं नाव यादीत टाकून काही होत नाही. ‘गिट आरएम’ला ‘कॅश्ड’ पर्याय देऊन ती गिटच्या नोंदीतून काढावी लागते. तशी काढली तरी ती इतिहासात उरतेच. सार्वजनिक रिपॉझिटरीत पासवर्ड किंवा एपीआय की गेली, तर फाईल पुसण्यात वेळ घालवू नका. आधी ती किल्ली रद्द करून नवी काढा, साफसफाई मागाहून करा. अशा किल्ल्या शोधणारे बॉट सतत फिरत असतात.

डॉट एन्व्हच्या जागी ‘डॉट एन्व्ह डॉट एक्झाम्पल’ नावाची फाईल कमिट करतात. तिच्यात सगळ्या व्हेरिएबलांची नावं असतात, किमती नसतात. ती नीट ठेवली की सर्व्हरवर काय काय भरायचं याची यादी आयती तयार राहते.

आता आवृत्त्या. पॅकेज डॉट जेसनमध्ये लायब्ररीच्या आकड्यामागे टोपीसारखी खूण असते. ‘^१.२.३’ याचा अर्थ १.२.३ किंवा त्यापुढची, पण २.०.० च्या आतली कुठलीही आवृत्ती चालेल. म्हणजे आज तुमच्याकडे एक आवृत्ती बसली आणि पुढच्या महिन्यात सर्व्हरवर वेगळीच, असं घडू शकतं. लॉक फाईल ते होऊ देत नाही, म्हणून ती कमिट करायचीच. सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरा. ती जुनं नोड मॉड्यूल्स फोल्डर काढून लॉक फाईलमध्ये आहे तेच बसवते, आणि लॉक फाईल व पॅकेज डॉट जेसन जुळत नसतील तर गुपचूप काही दुरुस्त न करता तिथेच थांबते. हे थांबणं अडचणीचं वाटतं, पण तेच हवं आहे. रनटाइमची आवृत्तीही लिहून ठेवा: नोडसाठी पॅकेज डॉट जेसनमधलं ‘एंजिन्स’, पायथनसाठी होस्ट, म्हणजे ॲप चालवणारी सेवा, ज्या फाईलीत ती शोधतो ती फाईल. नोडमध्ये दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्त्या आजवर सम आकड्यांच्या राहिल्या आहेत. प्रॉडक्शनला तीच घ्यावी.

लोकलला दिसतं ते प्रॉडक्शन नव्हे

‘एनपीएम रन डेव्ह’ने जे चालतं तो डेव्हलपमेंट सर्व्हर. फाईल सेव्ह केली की पान बदलतं, चूक झाली की पडद्यावर सविस्तर सांगतो. वेग, सुरक्षा आणि गर्दी हे त्याचे विषयच नाहीत. जँगोचं दस्तऐवजीकरण तर ‘रनसर्व्हर’ प्रॉडक्शनला वापरू नका असं स्पष्ट बजावतं. प्रॉडक्शनला जातं ते बिल्ड, आणि बिल्ड ही वेगळी प्रक्रिया आहे.

हा फरक किती खरा आहे त्याचं उदाहरण व्हीटमध्येच आहे. टाइपस्क्रिप्ट वापरताना व्हीट टाइप तपासत नाही, फक्त काढून टाकतं. त्यामुळे डेव्ह सर्व्हरवर टाइपच्या चुका असूनही ॲप बिनबोभाट चालतं. पण टाइपस्क्रिप्टच्या टेम्प्लेटमधली बिल्डची आज्ञा आधी टाइपस्क्रिप्टचा कंपायलर चालवते आणि मग व्हीटचं बिल्ड. एडिटरच्या लाल रेघांकडे दोन आठवडे दुर्लक्ष केलेलं असेल तर त्या सगळ्या इथे एका रांगेत उभ्या राहतात. म्हणून सर्व्हरकडे जाण्याआधी स्वतःच्या मशीनवर बिल्ड करा आणि ते बिल्ड चालवून पाहा. व्हीटचा डेव्ह सर्व्हर ५१७३ पोर्टवर असतो, बिल्ड दाखवणारी ‘प्रिव्ह्यू’ आज्ञा ४१७३वर. नेक्स्ट जेएसमध्ये आधी ‘नेक्स्ट बिल्ड’, मग ‘नेक्स्ट स्टार्ट’. इथे पडलं तर सर्व्हरवरही पडणारच, आणि इथे शोधणं स्वस्त आहे.

बिल्ड झाल्यावर एक प्रश्न विचारा: यातून फक्त फाईली निघाल्या, की सतत चालू ठेवावा लागणारा प्रोग्रॅम? साध्या व्हीट प्रकल्पातून ‘डिस्ट’ नावाचं फोल्डर निघतं, त्यात एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट. ते कुठल्याही स्टॅटिक होस्टवर ठेवलं की काम संपलं. जँगो, रेल्स, एक्सप्रेस यांना मात्र प्रोसेस चालू ठेवणारा सर्व्हर लागतो. होस्टिंगची निवड या उत्तरावर ठरते, जाहिरातीवर नाही. फाईलींपुरत्या प्रकल्पासाठी चोवीस तास चालणारं मशीन भाड्याने घेणारे लोक कमी नाहीत.

फक्त फाईली असतील तर

इथे चुका थोड्या, पण ठरलेल्या. होस्टला प्रकाशित करायचं फोल्डर चुकीचं सांगितलं, म्हणजे ‘डिस्ट’ऐवजी ‘बिल्ड’ किंवा मूळ फोल्डर, तर ४०४ येतं नाहीतर कोरं पान दिसतं. डोमेनच्या मुळाऐवजी उपमार्गावर साइट ठेवायची असेल, जसं गिटहब पेजेसवर प्रकल्पाच्या नावाखाली ठेवतात, तर व्हीटच्या सेटिंगमधलं ‘बेस’ त्या मार्गावर लावावं लागतं. नाही लावलं तर एचटीएमएल येतं, पण जावास्क्रिप्ट आणि सीएसएस डोमेनच्या मुळाशी शोधली जातात आणि सापडत नाहीत.

सर्वांत जास्त गोंधळ उडवणारी गोष्ट रिफ्रेशची. मुख्य पानावरून लिंकने ‘अबाउट’वर गेलात तर सगळं ठीक, तिथेच रिफ्रेश केलं की ४०४. एकपानी ॲपमध्ये ‘अबाउट’ नावाची फाईल अस्तित्वातच नसते. ते पान ब्राउझरमधला राउटर रंगवतो. रिफ्रेश केल्यावर मागणी थेट सर्व्हरकडे जाते, आणि त्याला असली फाईल माहीत नसते. उपाय म्हणजे न सापडलेल्या मार्गांना इंडेक्स डॉट एचटीएमएल द्यायला सर्व्हरला सांगणं: एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ‘ट्राय फाइल्स’, नेटलिफायवर ‘रीडायरेक्ट्स’ फाईलमधली एक ओळ.

या उपायाला शेपूट आहे. आता खरोखरच नसलेल्या जावास्क्रिप्ट फाईलसाठीही सर्व्हर एचटीएमएल पाठवतो, तेही २०० म्हणून. ब्राउझरच्या कन्सोलवर ‘अनपेक्षित <’ अशी चूक दिसली की समजावं, जावास्क्रिप्टच्या जागी एचटीएमएल आलंय. नव्या डिप्लॉयनंतर हे हमखास दिसतं. बिल्डमध्ये फाईलींच्या नावात हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) असतो, तो प्रत्येक बदलाला बदलतो, आणि कुणाच्या तरी ब्राउझरने जुनं इंडेक्स डॉट एचटीएमएल साठवून ठेवलेलं असतं. ते आता पुसल्या गेलेल्या नावांच्या फाईली मागतं. म्हणून हॅश असलेल्या फाईली वर्षभर कॅश करायला हरकत नाही, पण इंडेक्स डॉट एचटीएमएल दरवेळी नव्याने तपासायला सांगा.

सर्व्हरवर बिल्ड पडतं तेव्हा

‘आमच्याकडे चालतंय’ हे वाक्य इथेच ऐकू येतं. कारणं बहुतेकदा पुढच्यांपैकी एक असतात.

फाईलच्या नावातली लहान-मोठी अक्षरं. मॅक आणि विंडोजची फाईल व्यवस्था सहसा ‘हेडर’ हे नाव कॅपिटल एचने लिहिलं की स्मॉल एचने, यात भेद करत नाही. लिनक्स करते. इम्पोर्टमध्ये एक आणि फाईलवर दुसरं असेल तर लोकलला चालतं, सर्व्हरवर ‘मॉड्यूल सापडलं नाही’. फाईलचं नाव दुरुस्त करूनही चूक कायम राहिली तर गिटने तो बदल टिपलेलाच नसतो. नाव ‘गिट एमव्ही’ने बदलावं.

दुसरं, डेव्ह डिपेन्डन्सी, म्हणजे फक्त विकासाच्या वेळी लागणाऱ्या लायब्रऱ्या. ‘नोड एन्व्ह’ हे व्हेरिएबल ‘प्रॉडक्शन’ असलं की एनपीएम त्या बसवत नाही. पण बिल्ड करणारी साधनं, म्हणजे व्हीट, टाइपस्क्रिप्ट, टेम्प्लेटने त्यांच्यातच ठेवलेली असतात. मग ‘व्हीट नावाची आज्ञा सापडली नाही’ असं म्हणत बिल्ड १२७ या एक्झिट कोडने थांबतं. बिल्डच्या टप्प्यात सगळ्या डिपेन्डन्सी बसवा, हवं तर बिल्डनंतर जास्तीच्या काढा.

तिसरं, मेमरी. एक्झिट कोड १३७ दिसला, म्हणजे १२८ अधिक ९, तर प्रोसेसला बळजबरीने मारलं गेलंय आणि बहुतेक वेळा कारण अपुरी मेमरी हेच असतं. लहान मशीनवर फ्रंटएंडचं बिल्ड असं मरतं. बिल्ड दुसरीकडे करून तयार आउटपुट सर्व्हरवर पाठवणं हा मोठं मशीन घेण्याआधीचा उपाय.

डॉकर (ॲपची इमेज बनवून ते कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) वापरत असाल तर डॉकरइग्नोर फाईलमध्ये नोड मॉड्यूल्स टाकायला विसरू नका. नाहीतर मॅकसाठी बनलेल्या बायनरी लिनक्सच्या इमेजमध्ये जातात. आणि ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आली तर इमेज एआरएम प्रोसेसरवर बनवून इंटेल पद्धतीच्या सर्व्हरवर चालवलेली असण्याची शक्यता सर्वांत मोठी.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल: किंमत कधी वाचली जाते

पासवर्ड आणि किल्ल्या कोडमध्ये लिहायच्या नाहीत, एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवायच्या, एवढं सगळ्यांना माहीत असतं. निसटतं ते हे की त्या किमती वाचल्या जाण्याच्या दोन वेगळ्या वेळा आहेत.

सर्व्हरवर चालणारा कोड किंमत चालू होताना वाचतो. होस्टच्या पॅनेलवर ती बदलली, ॲप पुन्हा सुरू केलं, की नवी किंमत लागू. ब्राउझरमधल्या कोडचं तसं नाही. ब्राउझरला तुमच्या सर्व्हरचं एन्व्हायर्नमेंट दिसतच नाही, म्हणून बिल्ड होताना ती किंमत जावास्क्रिप्टमध्ये अक्षरशः कोरली जाते. पॅनेलवर एपीआयचा पत्ता बदलून ॲप दहा वेळा रीस्टार्ट केलं तरी जुनाच पत्ता दिसतो. पुन्हा बिल्ड करावंच लागतं. आधी बिल्ड केलं आणि व्हेरिएबल मागून भरलं, तर तिथे ‘अनडिफाइन्ड’ असतं.

यातूनच सुरक्षेचा मुद्दा निघतो. व्हीट फक्त ‘व्हीट_’ने सुरू होणारी व्हेरिएबलं ब्राउझरच्या कोडपर्यंत जाऊ देतं, नेक्स्ट जेएस ‘नेक्स्ट_पब्लिक_’ने सुरू होणारी. हा उपसर्ग म्हणजे ‘हे जगाला दाखवा’ अशी तुमची लेखी संमती आहे. ‘व्हेरिएबल मिळत नाहीये’ म्हणून वैतागून डेटाबेसच्या पासवर्डला हा उपसर्ग लावणारे असतात, आणि मग तो पासवर्ड साइट उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये जातो. कमी केलेल्या जावास्क्रिप्टमध्ये तो दिसायला अवघड असतो, लपलेला नसतो.

रेल्समध्ये वेगळी पद्धत आहे. किल्ल्या एन्क्रिप्ट करून रिपॉझिटरीतच ठेवतात आणि त्या उघडणारी मास्टर की गिटबाहेर. ती की सर्व्हरवर ‘रेल्स_मास्टर_की’ म्हणून दिली नाही तर त्या किल्ल्या उलगडत नाहीत. आणि ती की हरवली तर त्या फाईलमधलं काहीच परत मिळत नाही, म्हणून पासवर्ड मॅनेजरमध्ये तिची प्रत पहिल्याच दिवशी ठेवावी.

पोर्ट आणि पत्ता

बिल्ड झालं, लॉगमध्ये ‘सर्व्हर ३०००वर सुरू’ असं दिसतं, तरी ब्राउझरमध्ये ५०२, म्हणजे ॲपकडून धड उत्तर नाही. सर्व्हर लागणाऱ्या टेम्प्लेटची ही पहिल्या डिप्लॉयमधली नेहमीची अडचण, आणि तिची बहुतेकदा दोनच कारणं.

एक म्हणजे पोर्ट. पुष्कळ होस्ट तुमच्या ॲपला ‘पोर्ट’ नावाच्या व्हेरिएबलमधून आकडा देतात आणि त्याच पोर्टवर ऐकण्याची अपेक्षा ठेवतात. टेम्प्लेटमध्ये ३००० किंवा ८००० थेट लिहिलेलं असेल तर होस्ट एका दारावर टकटक करतो आणि ॲप दुसऱ्या दाराशी बसून राहतं. व्हेरिएबल असेल तर ते घ्या, नसेल तर ३०००, असं लिहा. हेरोकूवर ६० सेकंदांत दिलेल्या पोर्टवर ॲप ऐकू लागलं नाही तर ते बंद केलं जातं.

दुसरं कारण पत्ता. १२७.०.०.१ वर ऐकणारं ॲप फक्त त्याच मशीनवरून आलेली हाक ऐकतं. कंटेनरमध्ये ‘तेच मशीन’ म्हणजे तो कंटेनर. बाहेरच्या प्रॉक्सीची, म्हणजे मागण्या ॲपपर्यंत आणणाऱ्या सर्व्हरची, मागणी आत पोचतच नाही. अशा ठिकाणी ०.०.०.०, म्हणजे सगळ्या इंटरफेसवर ऐका. पण स्वतःच्या मशीनवर एनजिनएक्स आणि ॲप शेजारी शेजारी चालत असतील तर १२७.०.०.१ हेच बरोबर, कारण तिथे ॲप थेट जगाला दिसायला नको. पायथनसाठी वापरला जाणारा गुनिकॉर्न सर्व्हर मुळात १२७.०.०.१ आणि ८००० वर ऐकतो, एकाच वर्करने (मागण्या हाताळणाऱ्या प्रोसेसने). वर्करची संख्या प्रोसेसर कोअरच्या दुप्पट अधिक एक, हा त्याच्याच दस्तऐवजीकरणातला सुरुवातीचा हिशेब.

जँगोत या टप्प्यावर आणखी दोन धक्के बसतात. डीबग बंद केल्यावर ‘अलाउड होस्ट्स’मध्ये तुमचं डोमेन नसेल तर प्रत्येक मागणीला ४०० मिळतं. आणि पान उघडलं तरी कळाहीन दिसतं, कारण डीबग बंद असताना जँगो स्टॅटिक फाईली स्वतः वाढत नाही. ‘स्टॅटिक रूट’ ठरवून ‘कलेक्टस्टॅटिक’ चालवा आणि त्या फाईली एनजिनएक्स किंवा व्हाइटनॉइजकडे सोपवा. डिप्लॉयआधी ‘चेक’ आज्ञा ‘डिप्लॉय’ पर्यायासह चालवली तर जँगो सुरक्षेच्या राहिलेल्या सेटिंग स्वतःच मोजून दाखवतो.

जे साठवायचं ते कुठे

पुष्कळ होस्टवर ॲपच्या मशीनची डिस्क तात्पुरती असते. नवं डिप्लॉय झालं किंवा प्रोसेस दुसरीकडे हलवली की फाईल व्यवस्था मूळ इमेजसारखी कोरी. हेरोकूवर तर दिवसातून निदान एकदा हे होतंच. टेम्प्लेटमधला एसक्यूलाइट डेटाबेस आणि वापरकर्त्यांनी अपलोड केलेली चित्रं त्याबरोबर जातात. चूक दिसत नाही, लॉगमध्ये काही येत नाही. काल नोंदणी केलेला वापरकर्ता आज नसतो एवढंच. डेटाबेस वेगळ्या सेवेत ठेवा, फाईली ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, किंवा टिकाऊ डिस्क जोडून घ्या. एसक्यूलाइट वाईट नाही, टिकाऊ डिस्कवरच्या एका मशीनला ते पुष्कळ दिवस पुरतं.

पोस्टग्रेस या डेटाबेसकडे वळलात तर जोडण्यांचा हिशेब करा. त्याची मूळ मर्यादा १०० जोडण्यांची. प्रत्येक प्रोसेसचा पूल, म्हणजे उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा साठा, १०चा, मशीनवर ४ प्रोसेस आणि मशीन ३, म्हणजे १२० झाल्या. एरवी सुरळीत चालणारं ॲप नेमकं गर्दीच्या वेळी जोडणी नाकारली म्हणून पडतं.

डोमेन आणि एचटीटीपीएस

डोमेनसाठी मूळ नावाला ए रेकॉर्ड (नावावरून आयपी पत्ता) आणि उपनावाला सीनेम (नावावरून दुसरं नाव), हा साधा नियम; मूळ नावावर सीनेम चालत नाही. बदल करायच्या आदल्या दिवशी टीटीएल (जुनं उत्तर किती सेकंद धरून ठेवायचं तो आकडा) ३००वर आणला तर चूक झाली तरी पाच-दहा मिनिटांत मागे फिरता येतं. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र बहुतेक होस्ट स्वतः काढून देतात. स्वतःच्या सर्व्हरवर लेट्स एन्क्रिप्ट वापरत असाल तर नूतनीकरण आपोआप व्हायलाच हवं. एचटीटीपीने पडताळणी होत असेल तर फायरवॉलमध्ये ८० पोर्ट उघडं ठेवा. आता सगळं ४४३वर आहे म्हणून ते बंद करणाऱ्यांचं नूतनीकरण अडतं.

प्रॉक्सीच्या मागे असलेल्या ॲपचा एक खास रोग: पान स्वतःकडेच अखंड वळत राहतं. एचटीटीपीएस प्रॉक्सीवर संपतं आणि ॲपपर्यंत साधं एचटीटीपी पोचतं. ॲपला वाटतं मागणी असुरक्षित आहे, ते एचटीटीपीएसकडे पाठवतं, प्रॉक्सी पुन्हा एचटीटीपीने आणतो. प्रॉक्सी पाठवतो त्या ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हेडरवर विश्वास ठेवायला फ्रेमवर्कला सांगितलं की हे चक्र थांबतं. मात्र प्रॉक्सी नसताना हे सेटिंग चालू ठेवू नये, कारण मग तो हेडर कुणीही खोटा पाठवू शकतं.

दुसरं डिप्लॉय

पहिलं डिप्लॉय जमलं की स्वागताच्या पानावरचा एक शब्द बदलून पुन्हा करा. आता प्रश्न वेगळे असतात: मेन ब्रँचवर पुश केल्यावर आपोआप होतं का, किती वेळ लागतो, आणि मागे कसं यायचं. होस्टच्या पॅनेलवरून आधीच्या आवृत्तीवर परतून पाहा. खरे वापरकर्ते आल्यावर हे बटण पहिल्यांदा शोधायची वेळ येऊ नये.

डेटाबेस आल्यावर मागे येणं एवढं सरळ राहत नाही. कोड मागे जातो, टेबलं जात नाहीत. म्हणून कॉलमचं नाव बदलायचं असेल तर एका फटक्यात बदलू नका. आधी नवा कॉलम जोडा, मग कोड दोन्हीकडे लिहील असं करा, जुना मजकूर नव्यात उतरवा, वाचनही नव्यावर आणा, आणि जुना कॉलम नंतरच्या डिप्लॉयमध्ये काढा. डिप्लॉय चालू असताना जुना आणि नवा कोड थोडा वेळ एकाच डेटाबेसवर चालतात, हे विसरलं की अर्ध्या मागण्यांना ५०० मिळतं.

चूक आली की आधी लॉग वाचा, आणि शेवटच्या ओळीपेक्षा पहिली चूक शोधा. खालच्या बहुतेक ओळी तिचेच पडसाद असतात. ५०२ म्हणजे प्रॉक्सीला ॲपकडून धड उत्तर मिळालं नाही, ५०४ म्हणजे उत्तराला उशीर झाला, ५०० म्हणजे ॲप जिवंत आहे पण आत कोसळलं. एवढ्या तीन आकड्यांवरून शोध कुठून सुरू करायचा ते ठरतं. प्रॉडक्शनला डीबग चालू करून चूक बघायचा मोह आवरा: त्या पानावर सेटिंग आणि कोडचे तुकडे जगाला दिसतात.

टेम्प्लेट पुढे सरकतं तेव्हा

तुम्ही प्रकल्प काढलात त्या क्षणी टेम्प्लेटशी असलेलं नातं तुटलं. त्यात नंतर झालेली दुरुस्ती तुमच्याकडे आपोआप येत नाही. कॉपिअरमध्ये तुमची उत्तरं एका फाईलीत जपलेली असतात आणि ‘अपडेट’ आज्ञेने नवे बदल मिसळता येतात. रेल्सची ‘ॲप अपडेट’ आज्ञा सेटिंगच्या फाईली एकेक करून विचारत बदलते. कुकीकटरमध्ये अशी सोय अंगभूत नाही. असं साधन नसेल तर त्याच टेम्प्लेटच्या नव्या आवृत्तीपासून दुसऱ्या फोल्डरमध्ये कोरा प्रकल्प काढा, जुन्या आवृत्तीपासून आणखी एक, आणि या दोघांमधला फरक बघा. तुमचा कोड त्यात नसल्यामुळे तो फरक छोटा आणि वाचण्याजोगा असतो. त्यातलं हवं तेवढं हाताने आपल्याकडे आणावं, एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येकानंतर एक डिप्लॉय.